नोड झोपेत किती खातो, ते आधी मोजा

मी बांधलेलं पहिलं सेन्सरचं जाळं तीन आठवड्यांत गप्प झालं. नोड, म्हणजे बॅटरीवर चालणारी, रेडिओने निरोप पाठवणारी जाळ्यातली एकेक सेन्सरपेटी, दर १५ मिनिटांनी तापमान पाठवायचे, बाकी वेळ झोपलेले. हिशेबाने वर्षभर चालायला हवे होते. चोर निघाला व्होल्टेज रेग्युलेटर, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज स्थिर करून देणारी चिप. माझा होता एएमएस१११७; तो काही काम नसतानाही सुमारे ५ मिलिअँपिअर पितो. २५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ५०० तास, जेमतेम २१ दिवस. तेव्हापासून प्रोग्रामला हात लावण्याआधी मी झोपेतला प्रवाह मोजतो, आणि तुम्हीही तसंच करा.

मोजताना एक अडचण येते. मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर ठेवला की त्याच्या आतल्या रोधावर बरंच व्होल्टेज पडतं. रेडिओ सुरू होताच नोड रिसेट होतो. म्हणून मीटरच्या दोन टोकांना समांतर एक साधा स्विच लावा. नोड जागा असेपर्यंत स्विच चालू ठेवा, म्हणजे प्रवाह मीटरऐवजी स्विचमधून जाईल. झोपला की स्विच बंद करा आणि मीटरवरचा आकडा वाचा. काही मायक्रोअँपिअर दिसले तर ठीक. मिलिअँपिअर दिसले तर बोर्डावर काहीतरी जागं आहे.

मग एकेक संशयित तपासा. पॉवरचा एलईडी काढा. रेग्युलेटर एमसीपी१७०० सारखा घ्या, तो स्वतःसाठी दोनएक मायक्रोअँपिअरच घेतो. बॅटरी मोजायला लावलेले दोन रोधही बघा, ते हमखास नजरेतून सुटतात. १० किलोओहमचे दोन रोध ३ व्होल्टवर ०.१५ मिलिअँपिअर सतत वाहू देतात. वर्षाला १३०० मिलिअँपिअर-तास, म्हणजे अर्धी बॅटरी! मोजण्यापुरतेच ते ट्रान्झिस्टरने जोडा.

आता रेडिओ. बोलणं महाग आणि ऐकणं स्वस्त, असं आपण धरून चालतो. सीसी२४२० या रेडिओ चिपचं माहितीपत्रक उघडा: पूर्ण ताकदीने पाठवायला १७.४ मिलिअँपिअर, ऐकायला १८.८. कुणी काही बोलत नसलं तरी नुसता कान लावून बसायचे तेवढेच पैसे. सतत ऐकणारा नोड त्याच बॅटरीवर साडेपाच दिवस जगतो. शंभरातला एकच भाग वेळ ऐकला, तर रेडिओच्या हिशेबाने दीड वर्ष.

त्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली, सगळ्यांनी ठरलेल्या वेळी उठायचं. पण स्फटिकाचं घड्याळ दहा लाखांत २० भाग इकडेतिकडे होतं. दोन नोड उलट दिशांना सरकले, तर १५ मिनिटांत ३६ मिलिसेकंदांचा फरक पडू शकतो. ऐकणाऱ्याने तेवढं आधी उठायला हवं, आणि प्रत्येक भेटीत घड्याळ जुळवून घ्यायला हवं. दुसरी, ऐकणाऱ्याने अधूनमधून क्षणभर कानोसा घ्यायचा आणि पाठवणाऱ्याने तो उठेपर्यंत हाका मारायच्या. यात खर्च पाठवणाऱ्याच्या माथी जातो, म्हणून निरोप क्वचितच असतील तिथेच ही वाट घ्या. हाकेत पत्ता घाला, म्हणजे ज्यांचा निरोप नाही ते लगेच परत झोपतील.

निरोपही कमी करा. या रेडिओवर १२७ बाइटची सर्वांत मोठी चौकट, म्हणजे एका खेपेत जाणारा निरोप, सेकंदाला २५० किलोबिटच्या वेगाने ४ मिलिसेकंदांत जाते. रेडिओ उठवणं, वाहिनी मोकळी आहे का बघणं, पोच मिळवणं यांचा खर्च दोन बाइटच्या निरोपालाही तोच पडतो. दहा नोंदी साठवून एकदम पाठवा. तापमान अर्ध्या अंशाने बदललं तरच पाठवायचं ठरवलंत, तर दिवसातून काही वेळा नुसती हजेरी तरी लावू द्या. नाहीतर शांत नोड आणि मेलेला नोड सारखेच दिसतील.

गेटवे, म्हणजे सगळे निरोप गोळा करणारं केंद्र, त्याच्या जवळच्या नोडांवर सगळ्यांचे निरोप पुढे नेण्याचा भार पडतो, आणि ते आधी संपले की मागचे धडधाकट असूनही तुटतात. तिथे मोठी बॅटरी द्या, किंवा शक्य असेल तर हे काम आळीपाळीने वाटा.

प्रत्येक निरोपासोबत बॅटरीचं व्होल्टेज पाठवा, पण ते रेडिओ चालू असतानाच मोजा. भार नसताना, त्यातही थंडीत, संपत आलेली बॅटरी चांगली असल्याचं भासवते.