कोड वेगवान करताना या चुका टाळा

प्रोग्राम रेंगाळतोय म्हटलं की नवशिक्या आधी एडिटर उघडतो. मोजायचं नंतर, आठवलं तर. एकूण वेळेतला ५ टक्के वेळ खाणारं फंक्शन पार शून्यावर आणलंत, तरी १०० सेकंदांचं काम ९५ सेकंद घेणारच. त्यासाठी दोन दिवस घालवायचे? पायथनसोबत सीप्रोफाइल (cProfile) फुकट येतो; कोणत्या फंक्शनने किती वेळ खाल्ला ते तो दाखवतो. तो चालवा, यादी एकूण वेळेनुसार लावा आणि वरची तीन-चार नावं बघा. बाकीच्यांना हात लावू नका.

आता हमखास दिसणारं प्रकरण. एका यादीतला प्रत्येक क्रमांक दुसरीत आहे का, ते तपासायचंय. चाचणीला २०० नोंदी असतात, उत्तर क्षणात येतं, सगळे खूश. खऱ्या डेटात दोन्हीकडे ५०,००० नोंदी निघतात. यादीत शोधायचं म्हणजे पहिल्या नोंदीपासून चाळत जायचं. एकही क्रमांक जुळला नाही तर २५० कोटी तुलना. मग कोणीतरी काम चार थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच प्रोग्रामच्या समांतर धाग्यांत, वाटतो. पायथनच्या नेहमीच्या बिल्डमध्ये जीआयएल नावाचं कुलूप एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देतो, त्यामुळे वेळ तेवढाच राहतो आणि कोड मात्र किचकट होतो. मग सगळं सी++मध्ये लिहायच्या गप्पा! खरं तर एक ओळ पुरते: लूपच्या आधी दुसऱ्या यादीचा सेट करून घ्या. सेट नोंदीवरूनच तिची जागा थेट काढतो (यालाच हॅश म्हणतात), त्यामुळे चाळणं संपतं, ५०,००० झटपट शोधांत काम होतं. लूपच्या आधी हे मुद्दाम सांगतोय, कारण सेट लूपच्या आत बनवणारेही कमी नाहीत. तिथे प्रत्येक फेरीला ५०,००० नोंदी नव्याने भरल्या जातात आणि आधीचाच कोड बरा वाटायला लागतो.

लूपमध्ये डेटाबेसला क्वेरी टाकणं हा याच दुखण्याचा भाऊ. १,००० ऑर्डरींसाठी १,००१ क्वेरी (एक यादीसाठी, मग प्रत्येक ऑर्डरीला एक), प्रत्येकीला २ मिलिसेकंद धरले तरी २ सेकंद गेले. जॉइन लिहा, म्हणजे तक्ते जोडून एकाच क्वेरीत सगळं मागवा.

भागिले २ ऐवजी उजवा शिफ्ट (बिट एक घर उजवीकडे सरकवणं) लिहायची हुशारी नको. जिथे चालतं तिथे कंपायलर ते स्वतःच करतो. शिवाय सीमध्ये -३ भागिले २ म्हणजे -१, आणि शिफ्टने बहुतेक कंपायलरवर -२ येतं.

डीबग बिल्डवर, म्हणजे चुका शोधायच्या संथ बिल्डवर, वेळ मोजू नका. जावात पहिल्या काही फेऱ्या सोडून द्या, जेआयटी (चालता चालता कोड मशीनच्या भाषेत बदलणारा कंपायलर) तापायला वेळ लागतो. पाच वेळा चालवून मधला आकडा धरा.

एका वेळी एकच बदल करा, फरक दिसला नाही तर तो मागे घ्या. जुनं फंक्शन पुसू नका, चाचणीत ठेवा आणि दोन्हींना तोच इनपुट द्या. त्यात रिकामी यादी आणि दुबार नोंदी हव्यातच. घाईत दोन्ही याद्यांचे सेट करून छेद (दोन्हींतल्या समान नोंदी) काढला असेल, तर दुबार नोंदी गळतात आणि क्रमही विस्कटतो. ते इथेच पकडलं जातं.