धावपळीच्या आठवड्यात एक मनन कसं लिहावं

मनन, म्हणजे बायबलमधल्या एखाद्या भागावरचं छोटं चिंतन, लिहायला घेतलेल्या बहुतेक वह्या चार-सहा पानांनंतर कोऱ्या राहतात. कारण विचारलं तर "वेळ मिळत नाही" हेच उत्तर येतं. खरी अडचण मात्र बहुधा वेगळी असते. शास्त्रभाग, म्हणजे बायबलमधला उतारा, निवडायचा, वाचायचा, समजून घ्यायचा, लिहायचा आणि तपासायचा, ही सगळी कामं माणूस रात्री साडेदहाला, दिवसभर दमल्यावर, एका बैठकीत उरकायला बसतो. तसं कधीच होत नाही. हीच कामं आठवडाभर वाटून घेतली तर एकूण सव्वा ते दीड तासात भागतं.

पहिलं म्हणजे शास्त्रभाग. तो दर आठवड्याला नव्याने शोधू नका. शोधण्यातच निम्मा उत्साह संपतो आणि शेवटी तीच ओळखीची वचनं (अध्यायातली क्रमांकाची वाक्यं) हाती येतात. बायबलमधलं एक पुस्तक धरा आणि क्रमाने चला. सुरुवातीला फिलिप्पैकरांस पत्र किंवा रूथ घ्यावं, दोन्हींचे अध्याय चारच. बायबलमधली स्तोत्रं आवडत असतील तर 120 ते 134 ही पंधरा स्तोत्रं घ्या. 132 वं सोडलं तर सगळी आखूड आहेत, 131 आणि 134 तर तीन-तीन वचनांचीच, त्यामुळे साडेतीन महिन्यांची सोय होते. 119 व्या स्तोत्राला सुरुवातीलाच हात घालू नका, त्यात 176 वचनं आहेत. कॅथलिक वाचकांना रविवारच्या मिस्सात (उपासनेत) वाचला जाणारा शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या चरित्राचा, भाग सोयीचा पडतो. 2025 च्या आगमनकाळापासून (नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळापासून) मत्तयाचं वर्ष चालू आहे, म्हणजे रविवारची वाचनं मुख्यतः मत्तयाच्या शुभवर्तमानातली असतात, 2026 च्या आगमनकाळापासून मार्काचं सुरू होईल. एका वेळी आठ ते बारा वचनं पुरेत. अख्खा अध्याय घेतला की लिखाण सारांशावर घसरतं.

सोमवारी फक्त वाचा, तेही वही न उघडता. हा नियम कडक पाळा. हातात पेन असलं की प्रार्थनेच्या वेळीही मन "यातून काय लिहिता येईल" हेच शोधू लागतं आणि प्रभूपुढे बसणं मागे पडतं. मनन हे त्या बसण्यातून यावं. लिखाणासाठी बसणं उरकलं, असं होऊ नये.

मंगळवारी आणि बुधवारी दहा-दहा मिनिटं निरीक्षणाला द्या. दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर वचनात जे आहे तेवढंच लिहायचं: कोण, कुठे, केव्हा, कुणी काय केलं. उजवं पान आपल्या विचारांसाठी. ही दोन पानं एकमेकांत मिसळली की वचनात नसलेलं काहीतरी आपण वचनाच्या नावावर खपवू लागतो.

उदाहरणादाखल मार्क 1:32–38 (मार्काच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय, वचनं 32 ते 38) घेऊ. डाव्या पानावर असं येईल: सूर्य मावळल्यावर लोक आजाऱ्यांना घेऊन आले, सगळं गाव दाराशी जमलं, पहाटे, अजून अंधार असताना, येशू उठून एकांतात प्रार्थनेला गेला, त्याचा शिष्य शिमोन आणि सोबतचे शोधत आले, "सगळे तुम्हाला शोधताहेत" अशा अर्थाचं बोलले, येशू म्हणाला, आपण आसपासच्या गावांत जाऊ. आता थोडं मागे, 21 व्या वचनापर्यंत जा. तो शब्बाथाचा, म्हणजे यहुद्यांचा काम न करण्याचा विसाव्याचा, दिवस होता. सूर्यास्ताला शब्बाथ संपतो, म्हणून लोक तोवर थांबले होते. सकाळी सभास्थान (यहुद्यांचं प्रार्थनास्थळ), मग शिमोनाच्या तापाने फणफणलेल्या सासूचं घर, संध्याकाळी दाराशी गर्दी, म्हणजे दिवस भरगच्च होता. आणि तरी दुसऱ्या दिवशी, कफर्णहूमात, म्हणजे त्याच गावात, त्याला शोधणारे लोक असतानाही, तो तिथून निघाला.

उजव्या पानावर आता एकच प्रश्न लिहा. "पहाटे उठून प्रार्थना करावी" हा धडा सगळ्यांना पाठ आहे, त्यावर आणखी एक पान नको. त्यापेक्षा, लोक शोधत असताना निघून जाणं येशूला कसं जमलं? हा प्रश्न खरा आहे, आणि ज्याच्या फोनवर ऑफिसचे, शाळेचे, मंडळीचे (चर्चचे) निरोप सतत येत असतात त्याला तो लागू पडतो. प्रश्न सापडत नसेल तर तोच भाग दुसऱ्या भाषांतरात वाचा. शब्द जिथे वेगळे पडतात तिथे बहुधा थांबण्यासारखं काही असतं.

गुरुवारी कच्चा मसुदा करा, पंचवीस मिनिटांत. लोकलमध्ये किंवा बसमध्ये उभं राहून लिहिता येत नाही. पण घरी भाजी निवडताना फोनला मराठीत सांगून टाइप करून घेता येतं. यात हमखास दोन गोष्टी बिघडतात. विरामचिन्हं बहुधा गळतात आणि शास्त्रातली नावं भलतीच उमटतात. फोनच्या कीबोर्डमधल्या वैयक्तिक शब्दकोशात "फि" लिहिल्यावर "फिलिप्पैकरांस पत्र" सुचवलं जाईल असे आठ-दहा संक्षेप भरून ठेवा. मसुद्यातली वाक्यं दुरुस्त करत बसू नका. तो शेवटापर्यंत जाऊ द्या.

शुक्रवारी वही बंद.

शनिवारी वीस मिनिटं छाटणीला द्या. साडेतीनशे शब्द हे चांगलं माप आहे, मोठ्याने वाचायला साधारण तीन मिनिटं लागतात. पहिला परिच्छेद बहुधा नुसती प्रस्तावना असते, तो काढून बघा. मग उपासनेत ऐकून ऐकून जिभेवर बसलेली ठरीव वाक्यं शोधा. "प्रभूने मोठा आशीर्वाद दिला" असं आलं असेल तर नेमकं काय झालं ते लिहा: ताप उतरला, भांडण मिटलं, फीची सोय झाली. कृतज्ञता अशानेच खरी वाटते. संदर्भ पुन्हा उघडून तपासा. अध्याय आणि वचनाचे आकडे आठवणीवर लिहिले की चुकतात. कुठलं भाषांतर वापरलं तेही खाली नोंदवा. पाळकांच्या किंवा फादरांच्या प्रवचनातला विचार असेल तर तसं स्पष्ट लिहा.

एक बाब फार जपा. कुणी विश्वासाने सांगितलेले प्रार्थनाविषय वहीतून बाहेर जाऊ देऊ नका. नाव गाळलं तरी लहान मंडळीत "एका बहिणीची सून" कोण हे सगळ्यांना कळतं. मनन कुणाला वाचायला देणार असाल तर तो प्रसंग वगळा, किंवा त्या व्यक्तीला आधी दाखवून तिची परवानगी घ्या. नवऱ्याबद्दल, बायकोबद्दल, मुलांबद्दल लिहितानाही हेच.

गर्दीच्या काळाची तयारी आधीच करावी लागते. डिसेंबरात कॅरल, फराळ, पाहुणे यांत वही उघडली जात नाही, म्हणून आगमनकाळाच्या चार रविवारांचे शास्त्रभाग आणि डावी पानं नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करून ठेवा. उपवासकाळात (ईस्टरआधीच्या प्रार्थना-उपवासाच्या काळात) चाळीस दिवस रोज लिहायचा संकल्प अनेकजण करतात आणि दुसऱ्या आठवड्यात तो मोडतो. राखेच्या बुधवारपासून (उपवासकाळाचा पहिला दिवस) झावळ्यांच्या रविवारपर्यंत (ईस्टरच्या आधीचा रविवार) सहा रविवार येतात. सहा मननं ठरवा, ती पूर्ण होतात.

आठवडा चुकलाच तर पुढच्या आठवड्यात दोन लिहू नका. थकबाकी साठली की वहीचीच भीती वाटू लागते. तारीख टाका, पान रिकामं सोडा आणि त्याच शास्त्रभागावर पुढे चला. परीक्षा, आजारपण, घरात तान्हं मूल अशा दिवसांत फक्त डावं पान लिहा, रोज एक ओळ. उजवी पानं नंतर भरता येतात. दर तीन महिन्यांनी मागची पानं पेन्सिल घेऊन वाचा. तोच प्रश्न तीनदा आलेला दिसला तर त्याला खूण करा, आणि पुढचं पुस्तक निवडताना त्या प्रश्नाशी भिडणारं निवडा.