राज्याच्या अक्षय ऊर्जा नियोजनाचा अभ्यास करताय? या चुका टाळा

राज्याला पुढे किती वीज लागेल आणि ती कुठून येईल, याचे गणित संगणकावरच्या मॉडेलने मांडतात. निकाल विचित्र आले की सगळे ते मॉडेल तपासायला बसतात. चूक बहुतेक वेळा मॉडेलमध्ये नसते, त्यात भरलेल्या तक्त्यांत असते. खालची उदाहरणे महाराष्ट्राची असली तरी तक्ते कुठल्याही राज्याचे असोत, चुका साधारण याच असतात.

पुरवलेली वीज म्हणजे मागणी नव्हे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. भार प्रेषण केंद्राकडून, म्हणजे राज्याच्या वीजपुरवठ्याचा ताळमेळ सांभाळणाऱ्या यंत्रणेकडून, 15 मिनिटांचे, म्हणजे दिवसाला 96 ब्लॉकचे आकडे मिळतात आणि ते जसेच्या तसे 'मागणी' म्हणून वापरले जातात. पण ती पुरवलेली वीज असते. भारनियमनात न दिलेली वीज त्यात नसते. उलट, छतावरच्या सौर पॅनेलची जी वीज घरातच वापरली जाते तीही त्यात दिसत नाही, त्यामुळे दुपारची मागणी खऱ्यापेक्षा कमी वाटते. दोन्ही दुरुस्त्या वेगवेगळ्या करा. एकच सरसकट टक्का लावून दोन्ही उरकू नका.

शेतीपंपांचे प्रकरण याहून अवघड. कृषी वाहिनीवरचा, म्हणजे शेतीपंपांना वीज देणाऱ्या लाइनवरचा, भार शेतकऱ्याच्या गरजेपेक्षा पुरवठ्याच्या वेळापत्रकावर ठरतो: आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. गेल्या पाच वर्षांचा आलेख पुढे ताणला, की तुम्ही तेच जुने वेळापत्रक 2030 मध्ये नेऊन बसवता. कृषी वाहिन्यांना सौर वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतूच हा भार दिवसावर आणण्याचा आहे. म्हणून कृषी वाहिन्यांचा भार एकूण मागणीतून आधी वेगळा काढा, उरलेल्या मागणीचा अंदाज स्वतंत्र करा, आणि शेतीचा भार वेळापत्रकाच्या दोन-तीन पर्यायांनुसार त्यात परत जोडा. बिनमीटर पंपांचा वापर अश्वशक्तीवरून काढण्यापेक्षा वाहिनीच्या मीटरवरून काढलेला बरा. मात्र त्या वाहिनीवर गावठाणाचा भार नाही ना, हे आधी पाहा.

सूर्य सकाळी सातला डोक्यावर

लक्षण: सौर निर्मितीचा कळस सकाळी सातच्या सुमारास दिसतो. कारण: उपग्रहाधारित किंवा हवामान-पुनर्विश्लेषणाची (जुन्या नोंदी आणि हवामान मॉडेल जुळवून तयार केलेली) माहिती जागतिक वेळेत (यूटीसी) असते आणि आपली वेळ साडेपाच तास पुढे आहे. हे पटकन लक्षात येते. लक्षात येत नाही ती अर्ध्या तासाची चूक. तासागणिक माहिती पाच किंवा सहा तास सरकवून मोकळे झालात, तर दोन ब्लॉक चुकतात, आणि मावळतीच्या वेळी दोन ब्लॉकमध्ये बरीच मोठी क्षमता हातची जाते.

तपासणी सोपी आहे. धुळे-साताऱ्याकडे, म्हणजे 75 अंश पूर्व रेखांशाच्या आसपास, निरभ्र दिवसांच्या सरासरी आलेखाचा कळस साडेबाराच्या जवळ यायला हवा. ऋतूनुसार पाव तास इकडेतिकडे चालेल. चंद्रपूरला तो सुमारे 18 मिनिटे आधी येतो. ईआरए-5 हा युरोपीय हवामान-पुनर्विश्लेषणाचा संच वापरत असाल तर आणखी एक गोष्ट: त्यातला किरणोत्सर्गाचा आकडा ज्या वेळेपुढे लिहिलेला असतो, त्या वेळेला संपणाऱ्या तासाची ती बेरीज असते, तीही प्रति चौरस मीटर जूलमध्ये. 3600 ने भागा, म्हणजे प्रति चौरस मीटर वॅट मिळतील, आणि तासाच्या मध्यावर ठेवा.

वाऱ्यासाठी हीच माहिती सह्याद्रीच्या कड्यांवर तोकडी पडते. सुमारे 31 किलोमीटरच्या चौकटीत साताऱ्याजवळचे पवनचक्क्यांचे चाळकेवाडी पठार आणि खालची दरी एकच होऊन जाते. प्रत्यक्ष निर्मितीचे आकडे घेऊन महिन्यावार दुरुस्ती करा, वार्षिक नको. आपल्याकडचा वारा मुख्यतः जून ते सप्टेंबर वाहतो, वार्षिक गुणकाने तो ऑक्टोबरात पसरतो. वारा, ऊन आणि मागणी एकाच वर्षाची घ्या. ढगाळ आठवड्यात तिन्ही एकमेकांशी बांधलेले असतात.

कोणता मेगावॅट?

140 मेगावॅटचे पॅनेल (डीसी बाजू) आणि त्यांची वीज ग्रिडला देणारा 100 मेगावॅटचा इन्व्हर्टर (एसी बाजू) असा प्रकल्प घ्या. एसी बाजूवर मोजलेला 22 टक्के वापर गुणांक (वर्षभर पूर्ण क्षमतेने चालल्यास होणाऱ्या निर्मितीतला प्रत्यक्ष वाटा) 100 ला लावला तर वर्षाला सुमारे 19.3 कोटी युनिट येतात. तोच 140 ला लावला तर 27 कोटी. अहवाल सुंदर दिसतो, वीज मात्र येत नाही. तक्त्याच्या प्रत्येक स्तंभावर एसी की डीसी, हे लिहा.

अक्षय ऊर्जा बंधनाचे, म्हणजे वीज कंपन्यांनी ठरावीक वाटा अक्षय स्रोतांतून घेण्याच्या सक्तीचे, 2029-30 साठीचे 43.33 टक्के हे विजेच्या वापराचे आहेत, स्थापित क्षमतेचे नाहीत. क्षमतेतला वाटा 43 टक्के झाला म्हणून उद्दिष्ट गाठले, असे लिहिलेले मसुदे आजही हातात येतात.

कोयना जलविद्युत प्रकल्पाचेही तसेच. 1960 मेगावॅट वर्षभर चालले तर सुमारे 1717 कोटी युनिट होतील, पण पश्चिमेकडे वळवायचे पाणी 67.5 टीएमसीशी बांधलेले आहे. त्यामुळे मॉडेलमध्ये जून ते मे अशा जलवर्षाची ऊर्जामर्यादा घालावीच लागते. ती विसरलात तर मॉडेल रोज संध्याकाळी कोयना पूर्ण ताकदीने चालवते आणि बॅटरीची गरज शून्य दाखवते. बॅटरीचा आकडा संशयास्पद कमी आला, की सर्वांत आधी इथे पाहा. बॅटरीसाठी मेगावॅट (एका वेळी किती वीज देते) आणि मेगावॅट-तास (एकूण किती साठवते) दोन्ही द्या.

संभाव्य क्षमतेचा आकडा

राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या जुन्या आकलनात देशाची संभाव्य सौर क्षमता 748.98 गिगावॅट आणि महाराष्ट्राची 64.32 गिगावॅट होती. तिथे पडीक जमिनीपैकी 3 टक्के जमिनीवर पॅनेल बसतील हे गृहीतक आहे. ते बदलले की आकडा बदलतो, म्हणून तो कमाल मर्यादा म्हणून वापरू नका. मेगावॅटला सुमारे चार एकर धरून, उपकेंद्रात नवी वीज घेण्याची खरोखर किती क्षमता शिल्लक आहे ते ट्रान्सफॉर्मरनिहाय जुळवा. संपूर्ण राज्य एकच बिंदू मानणारे मॉडेल निर्मिती-कपात, म्हणजे वाहून न्यायला जागा नाही म्हणून थांबवावी लागणारी निर्मिती, जवळपास दाखवतच नाही.

खर्चाच्या तक्त्यात आंतरराज्य पारेषण शुल्काची (दुसऱ्या राज्यातून वीज आणण्याच्या आकाराची) पूर्ण सवलत 30 जून 2025 ला संपली, हे धरले आहे का पाहा. त्यानंतर सुरू होणाऱ्या प्रकल्पांना लागणारे शुल्क, सुरू होण्याच्या वर्षानुसार, दरवर्षी 25 टक्क्यांच्या टप्प्याने वाढत जाते. राजस्थानची स्वस्त वीज आणि राज्यातली वीज यांची तुलना प्रकल्पाच्या दरावर न करता राज्याच्या सीमेवर पोहोचलेल्या दरावर, पारेषणातली वीजगळती धरून करा. प्रकल्प सुरू होण्याची तारीख एक वर्ष पुढे सरकवून तेच गणित पुन्हा चालवा. स्वस्त कोण, महाग कोण हा क्रम उलटला, तर ती तारीख अहवालाच्या पहिल्या पानावर यायला हवी.