मांडी आणि गुडघ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे कसा पाहावा?

नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या एखाद्या एक्स-रे केंद्रातून बाहेर पडणाऱ्या रुग्णाच्या लिफाफ्यात बहुधा दोन चित्रे असतात: समोरून काढलेले ‘एपी’ आणि बाजूने काढलेले ‘लॅटरल’. घरी नातेवाईक समोरचेच चित्र निरखतात, कारण त्यात वरचे हाड, खालचे हाड आणि मधली फट चटकन ओळखू येते. पण पडल्यामुळे किंवा दुचाकी घसरल्यामुळे गुडघा सुजला असेल, तर बाजूचे चित्र अनेकदा जास्त सांगते, आणि ते हाडापेक्षा हाडापुढच्या करड्या सावल्यांतून सांगते. निदान हे रेडिओलॉजिस्टचे आणि अस्थिरोगतज्ज्ञांचेच काम आहे. मात्र रिपोर्टातला शब्द चित्रात कुठे बसतो हे कळले, तर डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता येतो.

पायरी १: नाव, तारीख, बाजू

फिल्मवरचे नाव व तारीख वाचावी आणि उजव्या पायासाठी ‘आर’ किंवा डाव्यासाठी ‘एल’ ही खूण शोधावी. फिल्म ट्यूबलाइटसमोर न धरता संगणकाच्या किंवा टीव्हीच्या कोऱ्या पांढऱ्या पडद्यासमोर धरावी, म्हणजे उजेड सर्वत्र सारखा पडतो. केंद्राने सीडी किंवा लिंक दिली असेल, तर मोबाइलवर काढलेल्या फोटोऐवजी तीच डॉक्टरांना दाखवावी.

पायरी २: पुढची आणि मागची बाजू ठरवणे

जिकडे गुडघ्याची वाटी आहे ती पुढची बाजू. पोटरीचे बारीक हाड, म्हणजे फिब्युला, मागच्या बाजूला दिसते. रंगांचा क्रम लक्षात ठेवावा: हवा काळी, चरबी गडद करडी, स्नायू आणि पाणी फिकट करडे, हाड पांढरे आणि धातूची पट्टी किंवा स्क्रू सर्वांत पांढरे. चरबी आणि पाणी यांच्यातला हा छटांचा फरक पुढे फार उपयोगी पडतो.

पायरी ३: चित्र नीट निघाले आहे का?

मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला दोन गोल फुगवटे असतात. त्यांना कॉन्डाइल म्हणतात. चित्र खरोखर बाजूने घेतलेले असेल, तर हे दोन्ही फुगवटे जवळजवळ एकमेकांवर बसतात आणि वाटी व मांडीचे हाड यांच्यातली फट मोकळी दिसते. त्यासाठी रुग्णाला कुशीवर झोपवून गुडघा साधारण २० ते ३० अंश वाकवतात. गुडघा जास्त वाकला तर वाटीच्या वरची पोकळी दाबली जाते आणि आत साचलेले पाणी दिसेनासे होते. दुखऱ्या रुग्णाला नेमकी स्थिती घेणे जमत नाही, त्यामुळे तिरपे चित्र निघाले तर तंत्रज्ञाला दोष देण्यात अर्थ नसतो. पण अशा चित्रावरून मोजमाप करू नये.

पायरी ४: मांडीच्या हाडाची कड

मांडीचे हाड बाजूने पाहताना सरळ दिसत नाही. ते पुढच्या बाजूला किंचित बाकदार असते आणि तो बाक नैसर्गिक आहे. मांडीत बसवण्याचे सळईसारखे नेलही त्यासाठीच बाकदार बनवतात. हाडाची पुढची आणि मागची पांढरी कड बोटाने वरून खालपर्यंत तपासत यावे आणि कुठे खंड, पायरी किंवा अचानक जाडी आहे का ते पाहावे. मागची कड मध्यभागी थोडी जाड व खडबडीत दिसते. तिथे स्नायू जोडलेले असतात, तो आजार नव्हे. मांडीचे हाड मधोमध मोडले असेल, तर खुब्याचा आणि गुडघ्याचा असे दोन्ही सांधे चित्रांत यायलाच हवेत, कारण त्याच अपघातात खुब्याच्या मानेलाही तडा गेलेला असू शकतो आणि तो नजरेतून सुटतो.

पायरी ५: वाटीच्या वरची जागा

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. वाटीच्या वर, मांडीच्या हाडाच्या पुढे, चरबीचे दोन गडद पट्टे असतात आणि निरोगी गुडघ्यात त्यांच्यामध्ये एक बारीक फिकट रेघ असते. ही रेघ साधारण ५ मिलिमीटरपेक्षा कमी जाडीची असते. ती १० मिलिमीटरच्या पुढे गेली, पट्टे एकमेकांपासून दूर सरकले आणि मध्ये फिकट करडा फुगा दिसू लागला, तर आपण ज्याला ‘गुडघ्यात पाणी झाले’ म्हणतो ते बहुधा हेच.

अपघातानंतर शक्य असेल तेव्हा रुग्णाला पाठीवर झोपवून किरण आडवे सोडून हेच चित्र घेतात. हाडाला सांध्याच्या आत तडा गेला असेल, तर मज्जेतली चरबी रक्तासोबत सांध्यात उतरते आणि रस्स्यावर तर्री चढावी तशी वर तरंगते. चित्रात मांडीच्या लांबीने जाणारी, पलंगाशी समांतर अशी सरळ रेघ उमटते: तिच्या पुढे गडद चरबी, मागे फिकट रक्त. ही रेघ दिसली तर हाड वरवर अखंड दिसत असले तरी तडा शोधायलाच हवा. तो बहुतेकदा नडगीच्या हाडाच्या वरच्या सपाट भागात असतो आणि त्यासाठी सीटी स्कॅन करावा लागू शकतो.

पायरी ६: वाटीची उंची

वाटीची तिरपी, सर्वांत मोठी लांबी मोजावी. मग वाटीच्या खालच्या टोकापासून नडगीच्या पुढच्या उंचवट्यापर्यंत जाणाऱ्या स्नायुबंधाची लांबी मोजून तिला वाटीच्या लांबीने भागावे. १९७१ मध्ये मांडलेल्या या मापाला इन्सॉल-साल्वाती गुणोत्तर म्हणतात. ते साधारण ०.८ ते १.२ असावे. वाटी ४.५ सेंटिमीटर आणि बंध ६ सेंटिमीटर असेल, तर उत्तर १.३ च्या वर जाते, म्हणजे वाटी वर सरकलेली आहे. काहींची वाटी जन्मतःच वर असते आणि ती पुन्हा पुन्हा निखळण्याची शक्यता वाढते. पण पडल्यावर रुग्णाला सरळ पाय पलंगावरून उचलता येत नसेल आणि वाटी वर दिसत असेल, तर खालचा बंध तुटल्याची शंका घ्यावी. वाटीच्या वरचा, मांडीच्या स्नायूंना जोडणारा बंध तुटला तर वाटी खाली येते. वाटीला आडवा तडा गेला असेल, तर तोही याच चित्रात उत्तम दिसतो.

फसवणाऱ्या दोन गोष्टी

गुडघ्याच्या मागे वाटाण्याएवढा, गुळगुळीत कडेचा पांढरा ठिपका दिसला तर तो बहुधा फॅबेला असतो, म्हणजे पोटरीच्या स्नायूतले छोटे नैसर्गिक हाड. त्याला तुटलेला तुकडा समजू नये. वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकांजवळ गडद पट्टे दिसतात. त्या वाढीच्या जागा असतात. मैदानावर खूप धावणाऱ्या मुलाच्या नडगीचा उंचवटा सुजून दुखत असेल आणि चित्रात तिथले हाड तुकड्यातुकड्यांचे दिसत असेल, तर डॉक्टर ऑसगुड-श्लॅटर हे नाव घेतील. त्यात बहुधा विश्रांती आणि व्यायाम पुरतो.

चित्रात जे येत नाही

गादी म्हणजे मेनिस्कस, लिगामेंट आणि कूर्चा एक्स-रेत थेट दिसत नाहीत. त्यासाठी एमआरआय लागतो. गुडघ्याची झीज किती आहे हे विचारायचे असेल, तर उभे राहून समोरून काढलेले चित्र अधिक खरे सांगते. किरणांची भीती मात्र बाळगू नये: गुडघ्याच्या एका चित्रात मिळणारी मात्रा एका दिवसात निसर्गातून मिळणाऱ्या मात्रेहून जास्त नसते, आणि देशभरातील एक्स-रे यंत्रांवर मुंबईतल्या अणुशक्तीनगरात मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते. गर्भधारणेची शक्यता असेल तर तंत्रज्ञाला आधी सांगावे.

घोडबंदर रस्त्यावर किंवा सायन-पनवेल महामार्गावर जोरदार अपघात झाला असेल, तर आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. निखळलेला गुडघा कधी कधी आपोआप जागेवर बसतो आणि एक्स-रे साधारण दिसतो, पण गुडघ्यामागची रक्तवाहिनी दुखावलेली असते. पाऊल थंड किंवा फिकट पडले, बधिर झाले किंवा बोटे हलेनाशी झाली, तर रिपोर्टाची वाट न पाहता रुग्णाला ताबडतोब मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावे आणि पावलातली नाडी तपासायला सांगावे.