हलालचा कागद काढण्याआधी

तुमच्या बचत गटाची भिवापुरी मिरचीपूड आखातात पाठवतो म्हणणारा व्यापारी दारात आला, की चहा ठेवण्याआधी विचारा: हलाल प्रमाणपत्र नेमकं मागतंय कोण, तू की तिकडचा घेणारा? कोणत्या संस्थेचं चालेल हेही लेखी घ्या. आपल्याकडे ही प्रमाणपत्रं खाजगी संस्था देतात, आणि मलेशियात जाणाऱ्या मालाला तिथल्या जाकिमने (सरकारच्या इस्लामी विभागाने) मान्य केलेल्याच संस्थेचं लागतं. एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी मात्र आधी हातात हवी. ती कायद्यानेच लागते, हलालचा कागद ऐच्छिक.

मग पाटी-पेन्सिल. फी, तपासनिसाचं जाणं-येणं आणि दरवर्षीचं नूतनीकरण मिळून समजा 40,000 रुपये झाले. वर्षाचा माल 400 किलो असेल, तर किलोमागे 100 रुपये नुसते कागदाचे. एवढी महाग मिरची कोण घेते बाई? तोच माल 10 टन असेल, तर 4 रुपये. म्हणून एकट्या गटाने या भानगडीत पडू नये असं माझं मत. चार-पाच गटांनी मिळून निर्यातदाराच्या प्रमाणित युनिटातच दळावं, भरावं.

नुसत्या मिरचीत अडण्यासारखं काही नसतं. अडतं ते संत्र्याच्या सरबतातल्या इसेन्सपाशी, कारण त्यात अल्कोहोल असू शकतो. जेलीतल्या, जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनणाऱ्या जिलेटिनपाशी, बिस्किटातल्या ई-471 पाशी (तेल-पाणी एकजीव ठेवणारा घटक), जे जनावरांच्या चरबीपासूनही बनतं. अशा प्रत्येक डब्याचं पुरवठादाराकडून पत्र घेऊन फाइलला लावा. लेबलं एकदम हजारोंनी छापू नका: उत्तर प्रदेशाने 18 नोव्हेंबर 2023 ला हलाल प्रमाणित मालाच्या विक्रीवर बंदी घातली, निर्यात तेवढी वगळून. उत्तर प्रदेशात जाणारा माल वेगळ्या पाकिटात भरा.

ताडोब्याच्या मोहर्ली-कोलारा गेटांकडे होमस्टे असेल, तर गोष्ट सोपी. पाहुणा फोनवर विचारतो, "भाऊ, मटण हलाल आहे ना?" त्याला प्रमाणपत्र नको असतं, खाटीक कोण ते हवं असतं. ठरलेल्या दुकानातूनच आणा, पावत्या ठेवा. झटका विचारणारेही येतात; त्यांनाही खरं तेच सांगा. दारात हलालची पाटी लावून आत त्याच फ्रीजमध्ये बिअर नको. पावसाळ्यात ताडोब्याचा कोअर (जंगलाचा आतला भाग) तीन महिने बंद, तेव्हा पाटी-भांड्यांचा खर्च नऊ महिन्यांच्या बुकिंगवरच बसवा. फ्रीज-भांडी वेगळी करायला मंगळवार बरा, कोअरची सफारी त्या दिवशी बंद असते.