पत्र्याच्या शेडमधली पहाटेची ठिबक

नाशिकच्या अंबडजवळ तयार लोखंडी सांगाड्याचे पत्र्याचे शेड उभारून, त्यात लहान गाळे पाडून, घर बदलणाऱ्या कुटुंबांना आणि छोट्या दुकानदारांना सामान ठेवण्यासाठी ते मासिक भाड्याने देऊ लागलो, तेव्हा पहिल्या पावसाळ्यात शेड आतून कोरडे राहिल्याने मी निश्चिंत होतो. डिसेंबरात मात्र एका भाडेकरूच्या गादीवर ओल आढळली. आधी मी पत्र्याच्या स्क्रूंखालचे सगळे रबरी वॉशर बदलले; तो खर्च वाया गेला, कारण पाणी बाहेरून येतच नव्हते. नाशिकच्या थंडीत पत्रा रात्री आतल्या हवेपेक्षा गार होतो आणि त्या हवेतील बाष्प त्याच्या खालच्या अंगाला साचून पहाटे ठिबकते. त्यातच कोबा नवा, अजून दमट. आणि मी तर चोरीच्या भीतीने सगळे झरोके बुजवून टाकले होते! अखेर पत्र्याखाली अ‍ॅल्युमिनियमच्या आवरणाचा इन्सुलेशनचा थर सांधे चिकटपट्टीने बंद करून बसवला, छतावर वाऱ्याने फिरणारे व्हेंटिलेटर लावले आणि झरोके जाळी ठोकून पुन्हा उघडले. हाच थर उभारणीच्या वेळी पत्र्याआधी अंथरला असता, तर बरीच मजुरी वाचली असती. गादीचे पैसे मी भरून दिले. आता भाडेकरार करतानाच सामान लाकडी पॅलेटवर आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवण्यास सांगतो.