ज्येष्ठांमधले कर्करोग-मृत्युदर: जिल्ह्यांची तुलना करताना या चुका टाळा

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०२० सालचा अहवाल उघडला की दोन आकडे लगेच डोळ्यांत भरतात. मिझोरममधल्या ऐझॉल जिल्ह्यात पुरुषांमधला कर्करोगाचा वय-समायोजित दर (लोकसंख्येतल्या वयाच्या फरकाचा परिणाम काढून टाकलेला दर) लाखामागे २६९.४ आहे. आपल्याकडे उस्मानाबाद (आताचा धाराशिव) आणि बीड या जिल्ह्यांचा मिळून तो ३९.५ आहे. देशातल्या नोंदणी केंद्रांमधला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा, दोन्ही आकडे एकाच तक्त्यात. फरक जवळपास सातपट.

हा तक्ता हाती आला की निष्कर्ष धडाधड निघतात. कुणी म्हणतं, मराठवाड्यातल्या ज्वारीच्या भाकरीचा गुण. कुणी म्हणतं, आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना कॅन्सर कमीच होतो. त्यावरून बातम्या होतात, जिल्हा नियोजनाच्या बैठकीत निधी इकडचा तिकडे जातो. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या बाबतीत तर असे आकडे वाचताना फार जपावं लागतं. कर्करोगाचे बळी या वयात वाढतात आणि नोंदी नेमक्या याच वयात सर्वांत कच्च्या असतात. नेहमी होणाऱ्या चुका इथे मांडतो आहे. विद्यार्थी, पत्रकार, आरोग्य खात्यातले कर्मचारी, सगळ्यांकडून त्या होतात.

नवे रुग्ण आणि मृत्यू यांची गल्लत

वरचे दोन्ही आकडे मृत्यूंचे नाहीतच. २०१२ ते २०१६ या काळात नव्याने निदान झालेल्या रुग्णांचे ते दर आहेत. तरीही ‘कॅन्सरने मरणाऱ्यांचं प्रमाण’ म्हणून ते सर्रास फिरवले जातात.

स्तनाच्या कर्करोगात हा फरक मोठा असतो, कारण वेळेवर उपचार मिळाले तर पुष्कळ बायका पुढे कित्येक वर्षं जगतात. स्वादुपिंडाच्या, आणि बऱ्याच अंशी फुप्फुसाच्याही, कर्करोगात नवे रुग्ण आणि मृत्यू यांचे आकडे जवळजवळ सारखेच येतात. यातून एक कामाची तपासणी हाती लागते. एखाद्या भागात फुप्फुसाच्या कर्करोगाचे १०० नवे रुग्ण नोंदले गेले आणि त्याच काळात मृत्यू फक्त २०, तर तिथे उपचार अद्भुत आहेत असं मानू नका. ८० माणसांपैकी बहुतेकांचं पुढे काय झालं हे कुणी विचारलेलं नाही, हीच शक्यता मोठी. घरी नेलेला म्हातारा रुग्ण कॅन्सर रजिस्ट्रीच्या (एखाद्या भागातल्या कर्करोगाची नोंद ठेवणाऱ्या केंद्राच्या) नजरेतून असाच सुटतो.

ढोबळ दरावरून निकाल देणं

२०११ च्या जनगणनेत साठीच्या वरची माणसं देशात ८.६ टक्के होती. केरळमध्ये १२.६, गोव्यात ११.२, महाराष्ट्रात ९.९, तर अरुणाचलात ४.६ टक्के. ज्या राज्यात म्हातारी माणसं जास्त, तिथे एकूण लोकसंख्येमागे कर्करोगाचे मृत्यू, म्हणजेच ढोबळ दर, जास्त दिसणारच.

हिशेब करून पाहा. दोन जिल्हे घ्या, दोन्हींची लोकसंख्या १० लाख. साठीच्या आतल्यांचा मृत्युदर दोन्हीकडे लाखामागे ३० आणि साठीच्या वरच्यांचा ४००, म्हणजे धोका अगदी सारखा. पहिल्या जिल्ह्यात ज्येष्ठ १५ टक्के, दुसऱ्यात ५ टक्के. पहिल्यात ज्येष्ठांचे ६०० आणि बाकीच्यांचे २५५ मिळून ८५५ मृत्यू होतात, दुसऱ्यात २०० आणि २८५ मिळून ४८५. ढोबळ दर आला ८५.५ आणि ४८.५. धोक्यात तसूभरही फरक नसताना पहिला जिल्हा ‘कॅन्सरग्रस्त’ ठरला.

आपल्या राज्यात हे सगळ्यात आधी कोकणात जाणवतं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या दहा वर्षांत घटली. कमावत्या वयाची माणसं मुंबईला, घरी आईवडील. अशा जिल्ह्याचा ढोबळ दर ठाण्याच्या शेजारी ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

वय-समायोजित दर घेतला की काम झालं, असं समजणं

ही चूक जाणत्यांकडूनही होते. वय-समायोजन करताना प्रत्येक वयोगटाच्या दराला एका प्रमाण लोकसंख्येचं, म्हणजे तुलनेसाठी ठरवून घेतलेल्या नमुना लोकसंख्येचं, वजन दिलं जातं. कर्करोगाच्या आकडेवारीत यासाठी जपानी संशोधक मित्सुओ सेगी यांनी १९६० मध्ये मांडलेली आणि पुढे थोडी सुधारलेली ‘जागतिक प्रमाण लोकसंख्या’ वापरतात. तिच्यात ६५ वर्षांवरच्यांचं वजन किती? १०० पैकी फक्त ७. पंच्याऐंशीच्या पुढच्यांचं तर अर्धा टक्का.

म्हणजे वय-समायोजित दर हा मुख्यतः तरुण आणि मध्यमवयीन माणसांचं चित्र दाखवतो. दोन जिल्ह्यांचे असे दर सारखे आले तरी सत्तरीच्या वर त्यांच्यात मोठी तफावत असू शकते, आणि ती त्या एका आकड्यात दबून जाते. प्रश्न ज्येष्ठांचा असेल तर ६०–६४, ६५–६९, ७०–७४ असे सुटे वयोगट मागून घ्या. ‘६० वर्षांवरील’ हा गटसुद्धा एकजिनसी नसतो. एका जिल्ह्यात त्यात बहुतेक बासष्ट-त्रेसष्टचे असतील, दुसऱ्यात ऐंशीचे. शिवाय आपल्याकडे वय अंदाजाने सांगायची रीत आहे, ‘सत्तरीचे असतील’ म्हणून. त्यामुळे ६०, ६५, ७० या आकड्यांवर माणसांची गर्दी होते. पाच-पाच वर्षांचे गट केले तर तिचा त्रास थोडा कमी होतो.

दाखल्यावरचं कारण जसंच्या तसं खरं मानणं

सगळ्यात मोठी अडचण इथे आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

भारतात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी साधारण एक पंचमांश मृत्यूंनाच डॉक्टरने प्रमाणित केलेलं कारण जोडलेलं असतं. राज्याराज्यांत तफावत प्रचंड आहे. गोव्यात जवळजवळ प्रत्येक मृत्यूचं वैद्यकीय कारण नोंदलं जातं, बिहारमध्ये अगदी थोड्यांचं. या दोन राज्यांतल्या कर्करोग-मृत्यूंची थेट तुलना केली, तर मोजली जाते ती कागदपत्रांची स्थिती.

आता एक उदाहरण समजा. भूम तालुक्यातल्या एका गावात ७४ वर्षांच्या आजी. दोन महिने घास उतरत नव्हता, मग नुसतं पाणी. जिल्ह्याच्या ठिकाणी दुर्बिणीने तपासणी झाली, तुकडा काढून पाहिला, अन्ननलिकेचा कर्करोग निघाला. वय बघून घरच्यांनी पुढचे उपचार नको म्हटले. रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला टांगला गेला. चार महिन्यांनी छातीत कफ भरला, ताप आला आणि आजी गेल्या. ग्रामपंचायतीत मुलाने सांगितलं, ‘वयोमानाने गेली.’ रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं: वृद्धापकाळ. गावातल्या डॉक्टरांना बोलावलं असतं, तर बहुधा ‘हृदय व श्वसनक्रिया बंद’ एवढंच लिहिलं गेलं असतं. हृदय शेवटी प्रत्येकाचंच बंद पडतं. ते कारण होत नाही.

मृत्यूचं कारण लिहायला रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४ आणि घरच्या मृत्यूसाठी नमुना ४-अ हा छापील दाखला असतो. त्याच्या पहिल्या भागात एकाखाली एक ओळी आहेत: सर्वांत वर तात्काळ कारण, त्याखाली ते कशामुळे झालं, आणि तळाला मूळ आजार. या आजींच्या बाबतीत वरच्या ओळीत न्यूमोनिया आणि खाली ‘अन्ननलिकेचा कर्करोग’ यायला हवा होता. आकडेवारीत मोजला जातो तो मूळ आजार. खालची ओळ कोरी राहिली की हा मृत्यू न्यूमोनियाच्या खात्यात पडतो, आणि ‘वृद्धापकाळ’ लिहिलं असेल तर कोणत्याच उपयोगी खात्यात पडत नाही. अजून एक गफलत वारंवार दिसते. आतड्याचा कर्करोग यकृतात पसरलेला असतो आणि दाखल्यावर ‘यकृताचा कर्करोग’ येतो.

हे तरुण माणसाच्या बाबतीत कमी घडतं. पस्तिशीतला माणूस गेला की सगळे कारण विचारतात. पंच्याहत्तरीतल्या माणसाचं कारण शोधायची गरज कुणाला वाटत नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण उपचार, वेदनाशामक औषधं, शेवटच्या दिवसांतली शुश्रूषा, सगळ्यांची तरतूद याच आकड्यांवर ठरते.

कर्करोगाच्या मृत्यूंचा देशभराचा जो मोठा अभ्यास २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात दाखल्यांवर विसंबून न राहता घरोघरी जाऊन नातेवाइकांकडून आजारपणाची हकिगत घेतली होती आणि दोन डॉक्टरांनी ती वेगवेगळी वाचून कारण ठरवलं होतं. त्या अभ्यासाचे मुख्य निष्कर्ष ३० ते ६९ या वयाचे आहेत. सत्तरीच्या पुढे या पद्धतीनेही कारण खात्रीने ठरवणं अवघड जातं. त्यामुळे त्यातला ‘ईशान्य भारतातल्या तिशीच्या पुरुषाला सत्तरीआधी कर्करोगाने मृत्यू येण्याची शक्यता ११.२ टक्के, तर बिहार, झारखंड, ओडिशात ३ टक्क्यांहून कमी’ हा निष्कर्ष उचलून ऐंशीच्या माणसांना लावू नका.

कमी आकडा म्हणजे नोंदच नाही, असं धरून चालणं

वरचं वाचून उलट टोकाला जाणारेही असतात. बार्शीची ग्रामीण रजिस्ट्री १९८७ पासून चालते. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांपासून तिचं काम सुरू झालं. रुग्णालयात बसून रुग्णांची वाट न पाहता तिथले कार्यकर्ते गावोगाव फिरून माणसांशी बोलत आले आहेत. एवढं बारकाईने मोजूनही बार्शीचे दर देशात खालच्या बाजूलाच राहिले. म्हणजे या पट्ट्यात कर्करोग खरोखर कमी असण्याला आधार आहे. शिवाय या कामातून जागरूकता वाढली आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या मानाने लवकरच्या टप्प्यात सापडू लागला, हे नोंदवलं गेलं आहे.

तेव्हा कमी आकडा दिसला की शेजारी चांगली मोजणी होणारं ठिकाण कोणतं ते शोधा आणि त्याच्याशी ताडून पाहा.

मृत्यू जिथे झाला, माणूस तिथलाच धरणं

भारतात मृत्यूची नोंद घटना घडली त्या ठिकाणी होते. परळच्या टाटा रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत महिनोन् महिने राहतात. त्यांतला कुणी मुंबईत गेला की नोंद मुंबईची. नागरी नोंदणीचे आकडे तसेच घेतले तर मुंबई फुगते आणि रुग्णाचा मूळ जिल्हा निरोगी दिसतो. कॅन्सर रजिस्ट्री हे टाळण्यासाठी किमान एक वर्षाचा रहिवास असलेल्यांनाच मोजते, म्हणून तिचे आकडे या कामाला बरे. ज्येष्ठांच्या बाबतीत याचं उलटंही घडतं. उपचार थांबले की ‘शेवट गावी होऊ दे’ म्हणून त्यांना परत नेतात, आणि गावात कारण लिहिलं जात नाही.

एका वर्षाच्या चढउताराला कल समजणं

लहान जिल्ह्यात सत्तरीवरच्या बायकांमध्ये एखाद्या अवयवाच्या कर्करोगाचे वर्षाला चार-पाच मृत्यू होतात. पुढच्या वर्षी सात झाले तर ती साथ नव्हे. तीन ते पाच वर्षांचे आकडे एकत्र करा आणि दरासोबत विश्वास-मर्यादा (खरा दर ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असण्याची दाट शक्यता आहे ते आकडे) पाहा. छेदाकडेही, म्हणजे मृत्यूंना ज्या लोकसंख्येने भागतो तिच्याकडेही, लक्ष असू द्या. २०११ नंतरच्या वर्षांची लोकसंख्या अंदाजाने काढलेली आहे, आणि ज्येष्ठांची संख्या भराभर वाढत असल्याने हा अंदाज याच वयात जास्त चुकू शकतो.

फरक दिसला की लगेच खाण्यापिण्यावर खापर फोडणं

फरक खरा ठरला तरी कारण सांगायची घाई नको. आज पंच्याहत्तरीत असलेल्या माणसाचा कर्करोग बहुधा तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या सवयींचा असतो. आजच्या तंबाखूविक्रीचे आकडे त्याच्याशी जोडून फार काही हाती लागत नाही. मिझोरममध्ये तंबाखूचा धूर मुरवलेलं ‘तुइबुर’ नावाचं पाणी, मेघालयात सुपारी, आपल्याकडे म्हाताऱ्या बायकांची मिश्री, हे सगळं त्या पिढीने आयुष्यभर वापरलं.

आणि प्रदेशाच्या आड शिक्षण आणि पैसा लपलेले असतात. त्याच २०१२ च्या अभ्यासात शहरी आणि ग्रामीण पुरुषांचे दर जवळजवळ सारखे निघाले, लाखामागे १०२.४ आणि ९५.६. निरक्षर पुरुषांचा दर १०६.६ होता, सर्वाधिक शिकलेल्यांचा ४५.७. म्हणजे नकाशावर रंगवलेल्या फरकापेक्षा एकाच गावातल्या दोन घरांमधला फरक मोठा असू शकतो.

आकडा पटत नसेल तर

आधी तक्त्याचं शीर्षक पुन्हा वाचा: नवे रुग्ण की मृत्यू. मग वयोगट सुटे करा. त्यानंतर त्या जिल्ह्यात वैद्यकीय कारण असलेले मृत्यू किती टक्के आणि ‘वृद्धापकाळ’ किंवा अस्पष्ट कारणं किती, ते विचारा. सत्तरीच्या वर अस्पष्ट कारणांचा वाटा मोठा असेल तर तिथला कर्करोगाचा दर ‘निदान एवढा तरी आहे’ अशी खालची मर्यादा म्हणून वाचा, तुलनेला घेऊ नका. फुप्फुस, अन्ननलिका, स्वादुपिंड या अवयवांचे मृत्यू नव्या रुग्णांच्या मानाने फारच कमी असतील तर मृत्यूंचा पाठपुरावा झालेला नाही असं धरा. आरोग्य केंद्रात काम करत असाल तर आशाताईंकडे असलेली गावातल्या मृत्यूंची यादी आणि ग्रामपंचायतीचं रजिस्टर समोरासमोर ठेवा. ‘गाठ होती’, ‘शेक दिला होता’ (म्हणजे रेडिएशन), ‘घास उतरत नव्हता’ असं ज्यांच्याबद्दल गाव सांगतं, त्यांच्यापुढे रजिस्टरमध्ये काय लिहिलंय ते लगेच दिसेल.

घरात असा मृत्यू झाला तर नातेवाइकांनी जुने रिपोर्ट दाखला लिहिणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवावेत आणि मूळ आजार लिहायची विनंती करावी. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. तिच्यानुसार रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर कारणाचं प्रमाणपत्र निबंधकाकडे पाठवणं आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणं बंधनकारक आहे. ती प्रत मागून घ्या आणि सर्वांत खालची ओळ भरलेली आहे का ते तिथल्या तिथे पाहा.